जर्मन भाषेचा ओनामा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात श्रीक्षेत्र नरसिंहपूर येथे दिलेले व्याख्यान)



श्रीलक्ष्मीनृसिंहाच्या चरणी मस्तक ठेवून आणि नीरा-भीमेच्या संगमाचे दर्शन घेऊन आपण सर्व येथे जमलो आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचे हे कुलदैवत. वर्षातून एकदा येथे यावे, कुळाचार करावा, आप्तेष्टांची विचारपूस करावी आणि पुन्हा आपापल्या उद्योगास लागावे, हा आपला परिपाठ. अशा प्रसंगी चार शब्द बोलण्यासाठी आपण आम्हांस पाचारण केलेत, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

कार्यवाहांनी आम्हांस 'जर्मन पंडित आणि आपली विद्या' असा भारदस्त विषय सुचविला होता. तो आम्ही नम्रपणे बदलून घेतला. पंडितांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार बेताचा आहे. परंतु विद्यापीठाच्या वर्गात पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसून परक्या भाषेचा ओनामा गिरविणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो. कारण त्या बाकावर आम्ही स्वतः बसलो आहोत आणि तेथे आमची फजितीही झाली आहे.

हा विषय मनात येण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी वैशाखात नृसिंहजयंतीस आम्ही येथे आलो होतो. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो असता आमच्या नात्यातील एक मुलगी जवळ येऊन बसली. ती पुण्यास परिचारिकेचे शिक्षण घेऊन एका रुग्णालयात उमेदवारी करीत होती. ती म्हणाली, "आजोबा, जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे म्हणतात. विद्यापीठाच्या जर्मन वर्गात नाव घालावे असे मनात आहे. पण माझे सगळे शिक्षण मराठीत झाले. इंग्रजीच धड येत नाही, तर जर्मन कसली येणार?" तिचे वडील पलीकडेच उभे होते. ते तत्काळ म्हणाले, "भलतेच काय बोलतेस! आपल्या रक्तातच संस्कृत आहे. जर्मन म्हणजे संस्कृतचीच लेक. तुला काय अवघड?"

त्या रात्री आम्हांस लवकर झोप लागली नाही. मुलीला वाटत होते की मराठी ही तिच्या वाटेतली धोंड आहे. वडिलांना वाटत होते की कुळात जन्मल्यामुळे अर्धी वाट आपोआप सरली आहे. आमच्या मते दोघांचेही चुकत होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम वडिलांच्या म्हणण्याचा विचार करू. कारण तारुण्यात आमचीही तीच समजूत होती. या गोष्टीस आता पन्नास वर्षे होत आली. बी. ए.स संस्कृत घेऊन आम्ही उत्तीर्ण झालो होतो आणि त्याचा थोडा ताठा अंगी भरला होता. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा, परकीय भाषांचा विभाग आहे. तेथील प्रारंभिक वर्गात आम्ही नाव घातले. वर्गात रसायनशास्त्राचे दोन विद्यार्थी होते, कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढणारा एक तरुण होता आणि एका कचेरीतील मध्यमवयीन कारकून होते. या मंडळींत आपण सहज पुढे जाऊ, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्याच दिवशी आम्ही उभे राहून सांगितले की, संस्कृतातील 'पितर्' आणि जर्मन 'फाटर' हे शब्द एकाच मुळाचे आहेत. आमच्या शिक्षिकाबाई मंद हसल्या. त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर. आता मला सांगा, टेबलाचे जर्मन भाषेत लिंग कोणते?" मराठीत ते टेबल, तेव्हा आम्ही निःशंकपणे नपुंसकलिंग सांगितले. जर्मन भाषेत टेबलास 'टिश' म्हणतात आणि तो शब्द पुल्लिंगी आहे. बाई म्हणाल्या, "पितर् तुम्हांला वारशाने मिळाला. टिश मात्र पाठ करावा लागेल."

ते वाक्य आम्ही तेव्हा मनावर घेतले नाही. तीन महिन्यांनी चाचणी झाली. शंभरांपैकी आम्हांस एकतीस गुण मिळाले. ज्या कारकूनगृहस्थांनी संस्कृतचे अक्षर कधी वाचले नव्हते, त्यांस सत्तरावर गुण होते. वर्ग सुटल्यावर आम्ही त्यांस त्यांची पद्धत विचारली. त्यांनी खिशातून एक लहान वही काढून दाखविली. तीत रोजचे दहा शब्द, प्रत्येकामागे त्याचे लिंगदर्शक उपपद, नीट तीन रकान्यांत लिहिलेले होते. कचेरीला जाता-येता बसमध्ये ते तेच पुटपुटत असत. आमच्याजवळ अशी वही नव्हती. आमच्याजवळ फक्त पूर्वज होते!

दुसरी फजिती याहून गोड झाली. संस्कृतच्या अभ्यासासाठी पुण्यास आलेल्या एका जर्मन गृहस्थांची ओळख झाली. त्यांच्यासाठी आम्ही या क्षेत्रीचा प्रसाद म्हणून पेढ्यांचा पुडा नेला आणि मोठ्या ऐटीत जर्मन भाषेत सांगितले की, आपल्यासाठी आम्ही लहानसे 'गिफ्ट' आणले आहे. गृहस्थ क्षणभर चपापले आणि मग खो खो हसू लागले. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष! भेटवस्तूला 'गेशेंक' असा निराळा शब्द आहे. तथापि ते मोठे रसिक होते. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "असले विष रोज मिळाले तरी आमची हरकत नाही."

या फजितीतून आम्ही एक धडा घेतला, आणि तो त्या मुलीच्या शंकेशी निगडित आहे. आमची चूक मराठीमुळे झाली नव्हती. ती इंग्रजीमुळे झाली होती. आम्ही मराठीतून विचार करीत होतो, त्याचे मनातल्या मनात इंग्रजी करीत होतो आणि मग त्या इंग्रजीचे जर्मन करू पाहत होतो. शेजारच्या घरी जाण्यासाठी गावाला वळसा घालावा, तसा हा प्रकार. पुढे आम्ही इंग्रजीचा वळसा सोडून मराठीच्या दारातून जर्मन भाषेकडे पाहू लागलो, तेव्हा कित्येक गाठी आपोआप सुटल्या. त्यांतील काही आपल्यापुढे मांडतो. विद्यार्थ्यांनी ध्यान देऊन ऐकावे.

पहिली गोष्ट लिंगांची. इंग्रजी शिकलेला मनुष्य जर्मन भाषेतील तीन लिंगे पाहून कपाळास हात लावतो. टेबलाला, चमच्याला लिंग कशासाठी, असे त्यास वाटते. आपणांस यात नवल ते काय? आपल्या पानापुढे तो तांब्या असतो, ती वाटी असते आणि ते ताट असते. जर्मनांच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी असते. त्यांची उपपदे देर, दी आणि दास. आपली तो, ती आणि ते. निर्जीव वस्तूस लिंग असते ही कल्पनाच नव्याने शिकावी लागत नाही, हा मराठी विद्यार्थ्याचा मोठा लाभ आहे. मात्र कोणत्या वस्तूचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते. आपला सूर्य पुरुष आहे. जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे. तेथे अनुमान चालत नाही.

दुसरी गोष्ट संख्यांची. इंग्रजीत वीस आधी आणि पाच मागून येतात. जर्मन मनुष्य 'पाच आणि वीस' असे म्हणतो. आपणही पंचवीस म्हणताना पाच आधीच उच्चारतो. घड्याळात अडीच वाजले की जर्मन मनुष्य 'हाल्ब द्राय' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन'. इंग्रजीतून शिकणारा येथे हमखास चुकतो आणि साडेतीन वाजता भेटीस जातो. परंतु आपला 'अडीच' हा शब्द तरी कोठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय' या शब्दापासून. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचे अर्धे. कल्पना एकच. 'दीड' या शब्दाची घडणही तशीच आहे आणि जर्मन भाषेत दीडास 'आंडरट्हाल्ब' म्हणतात, त्याचाही अर्थ 'दुसरे अर्धे' असाच होतो.

तिसरी गोष्ट वाक्याची. 'कारण मी आज आजारी आहे' हे वाक्य घ्या. जर्मन भाषेत ते 'वाइल इश हॉयट क्रांक बिन' असे होते. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, हॉयट म्हणजे आज, क्रांक म्हणजे आजारी आणि बिन म्हणजे आहे. मराठी वाक्यावर जर्मन वाक्य ठेवावे, तर शब्दागणिक शब्द बसतो. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हा नियम इंग्रजी जाणणाऱ्यांस फार त्रास देतो. आपण तर जन्मभर क्रियापद शेवटीच ठेवीत आलो. मुख्य वाक्यात मात्र जर्मन क्रियापद दुसऱ्या स्थानी येते. ती सवय आपणांस नव्याने लावून घ्यावी लागते.

चौथी गोष्ट अनुभवाची. आपण 'मला थंडी वाजते' असे म्हणतो. जर्मन मनुष्यही 'मिर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला थंड आहे', असे चतुर्थीनेच म्हणतो. इंग्रजीवरून भाषांतर करणारा 'मी थंड आहे' असे म्हणून भलताच अर्थ करून बसतो. 'मला हे आवडते' याचीही रचना तशीच आहे. वडीलधाऱ्यांस 'आपण' आणि सवंगड्यास 'तू' म्हणावे, हेही आपणांस शिकवावे लागत नाही. तेथेही 'झी' आणि 'दू' असा भेद आहे.

उच्चारांत 'त्स' हा वर्ण इंग्रजी शब्दांच्या आरंभी सहसा येत नाही. मराठी मुलास तो चाकातल्या आणि चुलीतल्या 'च'मुळे पाळण्यापासून अवगत असतो. ओठांचा चंबू करून 'ई' म्हणण्याचा जो एक जर्मन स्वर आहे, तो मात्र आपल्याकडे नाही. आरशापुढे उभे राहून आठ दिवस तो घोकावा, म्हणजे येतो.

संस्कृत ज्यांस थोडे येते त्यांस आणखी एक सोय आहे. 'शाळेत जातो' आणि 'शाळेत बसतो' या दोन्ही ठिकाणी मराठी 'शाळेत' असेच म्हणते. परंतु संस्कृतात गमनाच्या ठिकाणी द्वितीया आणि वास्तव्याच्या ठिकाणी सप्तमी येते. जर्मन भाषाही हा भेद करते. गमनास द्वितीया आणि वास्तव्यास चतुर्थी. तसेच जर्मन क्रियापदाचा उपसर्ग पुष्कळदा सुटा होऊन वाक्याच्या अखेरीस जाऊन बसतो. आपल्यातील जे ऋग्वेद म्हणतात त्यांस हे चमत्कारिक वाटू नये. वेदातही उपसर्ग धातूपासून दूर राहतो, आणि पाणिनीने त्याची नोंद केली आहे.

शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी दोन शब्द मुद्दाम सांगतो. बैलांच्या मानेवरचे जे जू, ते संस्कृत 'युग' शब्दापासून आले. जर्मन भाषेत त्यास 'योख' म्हणतात. गाडीच्या चाकांतून जाणारा जो आस, तो संस्कृत 'अक्ष'. जर्मन भाषेत तो 'आक्से'. तेव्हा त्या मुलीस आमचे पहिले उत्तर असे की, बाळ, तुझी मराठी ही वाटेतली धोंड नव्हे, ती पायरी आहे. इंग्रजी येत नाही म्हणून खचू नकोस. मराठी नीट येते ना, व्याकरणासह येते ना, येवढे मात्र पाहा.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे पुन्हा वळतो. हे सारे साम्य ऐकून आपल्यापैकी काहींची छाती फुगली असेल. 'पाहा, आम्ही म्हणतच होतो!' असेही कोणी मनात म्हणाले असतील. अशा सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते, की जर्मनांनी आपले वेद नेले आणि त्यांतून विद्या काढली. सज्जनहो, वेद कोणी पळवून नेले नाहीत. मॅक्स म्युलर हे १८२३ साली डेसाऊ येथे जन्मले. त्यांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही. सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत सहा खंडांत निघाली. पंचवीस वर्षे! हस्तलिखिते ताडून पाहत, अक्षर अक्षर लावीत हे काम झाले. त्यांच्या मतांशी वाद घालता येतो, आणि विद्वानांनी तो घातलाही आहे. पण त्या श्रमांशी वाद घालता येत नाही.

आपल्या पुण्यातच पाहा. फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ साली डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून आले आणि १८८१ पर्यंत राहिले. काशीस राहिलेल्या महाराष्ट्रीय नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरासारख्या दुर्घट ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले आणि पुढे पतंजलीच्या महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती काढली. हे सारे त्यांस जन्माने मिळाले होते काय? परक्या मुलखात, परक्या विद्येच्या पुढे, तेही एके काळी पहिल्या बाकावरचे विद्यार्थी होते.

आणि आपल्याकडच्या थोरांनीही त्या बाकाची लाज बाळगली नाही. लोकमान्य टिळकांना १९०८ साली मंडालेस नेले, तेव्हा त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते. 'ओरायन' आणि 'आर्क्टिक होम' या ग्रंथांनी त्यांचे नाव युरोपात झाले होते. 'ओरायन' १८९३ साली निघाले, त्याच सुमारास बॉन येथील हेर्मान याकोबी यांनीही स्वतंत्रपणे वेदकालाविषयी तसेच अनुमान काढले होते. असा हा पुरुष तुरुंगाच्या कोठडीत पुस्तके मागवून जर्मन भाषेची मुळाक्षरे गिरवू लागला. सोबत फ्रेंच आणि पालीही. परक्यांचे विचार भाषांतरातून नव्हे, मुळातून वाचावेत, हा हेतू. ज्याच्या शब्दावर राष्ट्र हालत होते, त्याला कोठडीत 'देर, दी, दास' म्हणताना संकोच वाटला नाही. मग आम्हांस का वाटावा?

विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले आणि पुढे बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून १९१४ साली डॉक्टर झाले. १९२५ साली भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांनी घेतली. ते १९४३ साली निवर्तले. परंतु त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीने ते कार्य १९६६ साली पूर्णत्वास गेले. फर्ग्युसन कॉलेजातील पांडुरंग दामोदर गुणे लाइप्झिगला भाषाशास्त्र शिकून आले आणि १९१८ साली त्यांनी तौलनिक भाषाशास्त्रावर ग्रंथ लिहिला. महाभारत आपले, पण त्याच्या शेकडो पोथ्या ताडून पाठ निश्चित करण्याचे शास्त्र सुखटणकरांनी परक्या भाषेतून शिकून आणले. वारसा मिळणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे.

आता जे सांगणार आहोत ते अधिक जपून सांगावयाचे आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन या भाषांचे नाते १७८६ साली कलकत्त्यास विल्यम जोन्स यांनी सुचविले आणि १८१६ साली फ्रान्झ बॉप यांनी क्रियापदांची रूपे ताडून ते पद्धतशीर मांडले. हे नाते भाषांचे होते. परंतु लोकांनी त्याचे रक्ताचे नाते केले. 'आर्य' हा भाषांचा शब्द वंशाचा शब्द झाला. १८८८ साली खुद्द मॅक्स म्युलर यांनी स्पष्ट बजावले की, आर्य रक्त आणि आर्य कवटी असे बोलणे हे शास्त्राविरुद्ध आहे. पण अहंकाराला शास्त्र ऐकू येत नाही.

अशा वातावरणात १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुण्याची एक तरुण स्त्री बर्लिनला गेली. त्या म्हणजे इरावतीबाई कर्वे. पुढे 'युगान्त' लिहून त्या घरोघर पोहोचल्या. पण हा प्रसंग त्याहून कितीतरी आधीचा. तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख ओयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीयांच्या कवटीची ठेवण इतरांहून निराळी असते आणि त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व तिच्याशी जोडलेले असते, असे अनुमान पडताळण्याचे काम त्यांच्याकडे आले. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. हाती आलेली मापे त्या अनुमानास अनुकूल नव्हती. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि तो जर्मन भाषेत, बर्लिन विद्यापीठात, आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिला. १९३० साली त्यांस डॉक्टरेट मिळाली. १९३३ साली त्या देशात हिटलर सत्तेवर आला आणि रक्ताच्या अभिमानाने काय केले, ते जगाने पाहिले.

आमच्या मते परकी भाषा शिकण्याचे सार्थक येथे आहे. 'होय' म्हणण्यापुरती भाषा चार महिन्यांत येते. 'आपले म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याची कारणे अशी' हे त्या लोकांच्याच भाषेत, त्यांच्याच घरी, विनयाने व निश्चयाने सांगता येणे, ही खरी विद्या. आणि ज्यांनी ती मिळविली, त्यांनी काय सांगितले? बुद्धी रक्तात नसते, हेच. मग आपण ज्ञातीच्या सभेत बसून 'आमच्या रक्तातच संस्कृत आहे' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आमच्या एकतीस गुणांनी आणि त्या कारकूनगृहस्थांच्या वहीने या प्रश्नाचा निकाल पन्नास वर्षांपूर्वीच लावलेला आहे.

विद्यार्थ्यांसाठी आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पोटासाठी भाषा शिकणे हलके आहे असे आम्ही मुळीच मानीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतही या भाषेची चर्चा होऊ लागली आहे. युरोपात भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत; ए-वनपासून सी-टूपर्यंत. परिचारिकेस सामान्यतः चौथी पायरी, म्हणजे बी-टू, गाठावी लागते. रुग्ण 'कळ येते' म्हणतो की 'जळजळ होते' म्हणतो, हे कळल्यावाचून शुश्रूषा कशी करणार? म्हणून 'तीन महिन्यांत जर्मन' अशी जाहिरात दिसली की दोन हात दूर राहावे. विद्यापीठात वर्ग आहेत, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. चौकशी करावी, संथपणे चढावे.

शब्द कधी एकटा पाठ करू नये. त्याच्या उपपदासह करावा. रोज थोडे, पण रोज करावे, आणि मोठ्याने म्हणावे. आपल्याकडे वेद पिढ्यान्‌पिढ्या मुखाने टिकले, ते मनातल्या मनात वाचून टिकले नाहीत. मराठीतून समजून घ्यावे, आणि जेथे मराठी साथ सोडते ती स्थळे वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत. वर्गात चूक होईल म्हणून गप्प बसू नये. पेढ्याला विष म्हणून आम्ही जिवंत आहोत!

शेवटी मंडळास एक विनंती. दरवर्षी आपण ज्ञातीतील सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या मुलांस पारितोषिके देतो. ते अवश्य द्यावे. पण शिखरावर पोहोचलेल्यास हार घालणे सोपे असते. पहिल्या पायरीवर उभे असलेल्यास हात देणारे थोडे. म्हणून जो कोणी परकी भाषा आरंभापासून शिकू इच्छितो, त्याच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी एक लहानसा निधी असावा. आणि तो नरसिंहपूर व आसपासच्या गावांतील कोणत्याही मुलामुलीस, जात न विचारता, खुला असावा. ही सूचना सर्वांस रुचेल असे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या क्षेत्री आपण ज्याची कथा सांगतो, त्या प्रल्हादाने तरी आपल्या कुळाचे म्हणणे कोठे ऐकले? आमच्याकडून या निधीस आमचा जुना जर्मन शब्दकोश, व्याकरणाची पुस्तके आणि यथाशक्ति वर्गणी आम्ही आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहोत.

लहानपणी आम्ही या संगमावर नावेतून पलीकडे जात असू. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा. काठावर उभे राहून पाण्याची भीती वाटे. नावाडी कोणाचे कूळ विचारीत नसे. 'पाय उचला आणि आत या' येवढेच म्हणे.

ती मुलगी आज या सभेत बसली आहे. तिने वर्गात नाव घातले. पहिल्या चाचणीत तिला किती गुण मिळाले हे आम्ही सांगणार नाही, कारण ते आमच्या गुणांच्या फार वर नव्हते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर्गात जाऊन बसली, येवढे मात्र अभिमानाने सांगतो. तिच्याजवळ आता वही आहे, तीन रकान्यांची.

 श्रीलक्ष्मीनृसिंहार्पणमस्तु.